गेट तुम्ही केलं, मग पुट कोण करणार? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लिनक्स ड्रायव्हरबद्दल, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या कोडबद्दल, थोडं लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यात बहुतेकांचं दुखणं एकच निघालं, रेफरन्स काउंटचं लीक, म्हणजे एखादी गोष्ट किती जण वापरताहेत हा आकडा चुकून वर राहणं. हिंगण्याहून, मिहानमधून, आयटी पार्कातून, कॉलेजच्या पोरांकडून, सगळीकडून तेच. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ठेवते आणि या वेळी फक्त हाच विषय घेते. फंक्शनची नावं आपण बोलताना म्हणतो तशी लिहिलीत, कोडमध्ये शोधायला अडचण येऊ नये.

प्रश्न : ताई, मी थर्ड इयरला आहे, हिंगणा रोडला राहतो. मेमरी मागायला मॅलॉक केलं की परत द्यायला फ्री करायचं एवढं आम्हाला शिकवलंय. कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) हे गेट आणि पुट काय प्रकरण आहे? आणि लीक झालं तर झालं, रिस्टार्ट केलं की मेमरी मोकळी होतेच ना, मग एवढं टेन्शन कायले घ्यायचं?

उत्तर : मॅलॉक आणि फ्रीचं गणित तेव्हाच सुटतं जेव्हा त्या मेमरीचा मालक एकच असतो. कर्नलमध्ये एका डिव्हाइसचं स्ट्रक्चर एकाच वेळी ड्रायव्हरनं धरलेलं असतं, त्याच्या चाइल्ड डिव्हाइसनं धरलेलं असतं, सिसएफएसमधली (कर्नल डिव्हाइसची माहिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवतो) फाइल कोणी उघडून बसलं असेल तर तिच्यासाठीही धरलेलं असतं, मग फ्री कोणी करायचं? हॉस्टेलच्या खोलीत मे महिन्यात कूलर सुरू असतो, चौघं असतात, आणि जो शेवटी बाहेर पडतो त्यानं बटण बंद करायचं असा नियम असतो ना, अगदी तसंच. आत येताना आकडा एकानं वाढवायचा, ते गेट. जाताना एकानं कमी करायचा, ते पुट. आकडा शून्य झाला की रिलीज फंक्शन चालतं आणि मेमरी मोकळी होते. कर्नलमध्ये यासाठी केरेफ नावाचं छोटंसं स्ट्रक्चर आहे, सुरुवातीलाच त्यात आकडा १ असतो, म्हणजे बनवणाऱ्याचा स्वतःचा हिशोब त्यात धरलेलाच असतो, हे पुष्कळ जण विसरतात.

लीक म्हणजे कोणीतरी गेट केलं आणि पुट न करता निघून गेलं. आणि हे बहुतेक वेळा सरळ रस्त्यावर होत नाही, एरर पाथवर, म्हणजे काही चुकलं की कोड ज्या वाटेनं बाहेर पडतो तिथे होतं, कारण सरळ रस्ता तुम्ही दहा वेळा चालवून बघता आणि एरर पाथ कोणीच चालवत नाही.

आता रिस्टार्टचं. घरच्या लॅपटॉपला चालेल, पण राउटर, कारखान्यातला कंट्रोलर, सर्व्हर, ही यंत्रं महिनोन्‌महिने बंद होत नाहीत. शिवाय लीक म्हणजे फक्त मेमरी वाया गेली असंही नाही, कधीकधी ते सिक्युरिटीचं भोक असतं. २०१६ च्या जानेवारीत सीव्हीई-२०१६-०७२८ (सीव्हीई म्हणजे सिक्युरिटीच्या चुकीला दिलेला क्रमांक) जाहीर झालं ते नक्की वाच. ते ड्रायव्हरमध्ये नव्हतं, कर्नलच्या कीरिंग, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या, कोडमध्ये होतं, पण दुखणं हेच. प्रोसेसनं आपलं चालू सेशन कीरिंगच त्याच नावानं परत मागितलं तर त्या एका पाथवर पुट राहून जायचं, बाकी सगळं ठीक. काउंटर ३२ बिटचा. तेच काम ४,२९,४९,६७,२९६ वेळा केलं की आकडा गोल फिरून परत शून्यावर यायचा, कर्नलला वाटायचं की हे आता कोणी वापरत नाही, मेमरी मोकळी व्हायची, आणि ज्याच्याकडे जुना पॉइंटर उरलाय त्याला त्या जागेवर स्वतःचा डेटा बसवून रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण मालक, होता यायचं. कर्नल ३.८ पासून ही चूक तिथे बसून होती. पुढे २०१७ मध्ये कर्नल ४.११ पासून रेफकाउंट_टी हा नवा काउंटर आला, त्यात आकडा फार वाढला तर तो गोल फिरत नाही, वर अडकून बसतो, म्हणजे मेमरी लीक होते पण कोणाच्या हाती फुकट लागत नाही. कर्नलवाल्यांनी विचार करून ठरवलंय की दोन वाईट गोष्टींतून निवडायची वेळ आली तर लीक परवडलं, यूज आफ्टर फ्री, म्हणजे मोकळी झालेली मेमरी वापरणं, परवडत नाही. ही गोष्ट डोक्यात ठेव, खालच्या सगळ्या उत्तरांत ती कामी येणार आहे.

प्रश्न : मी आयटी पार्कजवळच्या कंपनीत एम्बेडेडचं काम करतो. एलईडी कंट्रोलरचा ड्रायव्हर लिहिला, प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर चालणारं फंक्शन) डिव्हाइस ट्रीच्या, म्हणजे हार्डवेअरच्या वर्णनाच्या झाडाच्या, चाइल्ड नोडवर लूप आहे, प्रॉपर्टी वाचता नाही आली तर लूपमधूनच सरळ रिटर्न करून राहिलो. रिव्ह्यूमध्ये सीनियर म्हणाले की इथे लीक आहे. मी रात्रभर केमेमलीक हे लीक शोधायचं टूल चालू ठेवलं, एक ओळ नाही आली. सीनियर बरोबर की टूल बरोबर?

उत्तर : सीनियर बरोबर आहेत, आणि टूलही खोटं बोलत नाहीये. तुम्ही त्याला जे विचारलं ते त्याचं कामच नाही.

आधी लूप बघू. फॉर_ईच_चाइल्ड_ऑफ_नोड हा मॅक्रो आहे, त्याच्या पोटात दर फेरीला ऑफ_गेट_नेक्स्ट_चाइल्ड चालतं. हे फंक्शन दोन कामं करतं, पुढच्या नोडचा रेफरन्स घेतं आणि आधीच्या नोडचा सोडतं. म्हणजे पहिल्या फेरीत पहिल्या चाइल्डवर गेट, दुसऱ्या फेरीत दुसऱ्यावर गेट आणि पहिल्यावर पुट, असं करत शेवटी नल (पुढे नोडच नाही) आलं की शेवटच्यावरचंही पुट होऊन जातं. लूप पूर्ण चालला तर हिशोब चोख, तुम्हाला हाताने काही करायची गरज नाही. पण मधूनच रिटर्न, ब्रेक किंवा गोटू केलं तर त्या क्षणी जो चाइल्ड हातात आहे त्याचा पुट करणारी पुढची फेरी येतच नाही. तो रेफरन्स आता तुमचा, सोडायची जबाबदारी तुमची. म्हणून रिटर्नच्या आधी ऑफ_नोड_पुट(चाइल्ड) पाहिजे, किंवा असे एरर दोन-चार असतील तर एका लेबलवर जाऊन एकदाच पुट करा आणि तिथूनच रिटर्न.

इथे एक काळजी घ्या. कंटिन्यू असेल तिथे पुट टाकायचं नाही, कारण कंटिन्यूनंतर मॅक्रो पुढच्या फेरीला जातो आणि तो स्वतःच पुट करतो, तुम्ही अजून एक टाकलं तर आकडा एकानं खाली गेला आणि दुसऱ्याचा रेफरन्स तुम्ही सोडून बसलात. लीक शोधायच्या उत्साहात हे फार होतं, लूपमध्ये जिथे जिथे बाहेरची वाट दिसली तिथे तिथे पुट चिकटवलं जातं. आणि तुम्ही जर चाइल्डचा पॉइंटर स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये साठवत असाल, लूप संपल्यावर वापरायला, तर त्याच्यासाठी वेगळं ऑफ_नोड_गेट करून ठेवा आणि रिमूव्हमध्ये, म्हणजे डिव्हाइस काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, सोडा. लूपनं घेतलेला रेफरन्स लूपचा, तुमचा नाही.

आता केमेमलीक गप्प का राहिलं. हे टूल कॅटालिन मारिनास यांनी केलं, २००९ मध्ये कर्नल २.६.३१ पासून आपल्याकडे आहे, आणि ते काय बघतं तर अलोकेट झालेल्या एखाद्या ब्लॉककडे बोट दाखवणारा पॉइंटर मेमरीत कुठेही शिल्लक आहे का. कुठेच नसेल तर तो ब्लॉक अनाथ, तो रिपोर्टमध्ये येतो. तुमचा डिव्हाइस ट्रीचा नोड अनाथ कुठे आहे? त्याच्या पेरेंटकडून पॉइंटर आहे, शेजारच्या नोडकडून पॉइंटर आहे, तो झाडात नीट लटकलेला आहे, फक्त त्याचा आकडा एकानं जास्त आहे. आकडा बरोबर की चूक हे केमेमलीक बघतच नाही. त्यामुळे रेफकाउंटच्या बाबतीत केमेमलीकनं काही दाखवलं तर ते महत्त्वाचं, पण काही नाही दाखवलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मग प्रत्यक्षात बिघडतं काय? खरं सांगायचं तर साध्या बोर्डवर, जिथे डिव्हाइस ट्री बूटला लोड होते आणि नंतर बदलत नाही, तिथे काहीच नाही. ऑफ_डायनॅमिक हा कर्नलचा कॉन्फिग पर्याय (नावातलं ऑफ म्हणजे of, बंद नव्हे) बंद असेल तर ऑफ_नोड_गेट आणि ऑफ_नोड_पुट ही रिकामी फंक्शनं आहेत, काहीही करत नाहीत. पण ओव्हरले वापरायला लागलात, म्हणजे बोर्डवर एखादी टोपी, म्हणजे वरून बसवायचा जोडबोर्ड, लावली, तिचे नोड जोडले आणि नंतर काढले, की काढताना कर्नल आकडा तपासतो आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, स्पष्ट ओरडतो, मेमरी लीक, रेफकाउंट १ अपेक्षित होता पण २ निघाला, गेट आणि पुटचा मेळ नाही, असा मजकूर असतो आणि पुढे त्या नोडचं नाव. आणि प्रोब डिफर विसरू नका. तुमच्या प्रोबला क्लॉक किंवा रेग्युलेटर मिळाला नाही तर तो ई-प्रोब-डिफर (आत्ता नाही, नंतर बोलवा) परत करतो आणि कर्नल त्याला पुन्हा बोलावतो, मग पुन्हा, प्रत्येक वेळी त्याच एरर पाथवरून बाहेर आणि प्रत्येक वेळी आकडा एकानं वर.

तुमच्या टेबलावर खात्री करायची असेल तर सोपं आहे. प्रोबच्या सुरुवातीला आणि बाहेर पडायच्या प्रत्येक वाटेवर केरेफ_रीड वापरून चाइल्ड नोडचा आकडा छापा, ऑफ_डायनॅमिक चालू ठेवून. मग डिव्हाइस ट्रीमध्ये ती प्रॉपर्टी मुद्दाम चुकवा, म्हणजे एरर पाथ चालेलच, आणि सिसएफएसमधून परत परत बाइंड करा, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसला जोडा. आकडा १, २, ३ चढत गेला तर लीक, जागेवर राहिला तर दुरुस्ती बरोबर. सीनियरना तोच लॉग दाखवा, वाद संपतो.

नवीन कर्नलवर असाल तर फॉर_ईच_चाइल्ड_ऑफ_नोड_स्कोप्ड वापरा, २०२४ मध्ये आलंय. लूपमधून कसेही बाहेर पडा, स्कोप संपला की पुट आपोआप होतं. त्याच्या मागे कंपाइलरचं क्लीनअप ॲट्रिब्यूट आहे, २०२३ मध्ये पीटर झायल्स्ट्रा यांनी कर्नलमध्ये त्याची सोय केली. पण मग हाताने लिहिलेलं पुट काढून टाकायला विसरायचं नाही, नाहीतर दोनदा होईल. आणि व्हेंडरनं दिलेला ५.१० किंवा ५.१५ चा कर्नल असेल तर हे मिळणार नाही, तिथे हातानेच करा.

त्याच फाइलमध्ये अजून एक बघून घ्या, तुम्ही विचारलं नाही तरी सांगते कारण ही चूक उलट्या बाजूची आहे आणि जास्त वाईट आहे. ऑफ_फाइंड_नोड_बाय_नेम किंवा ऑफ_फाइंड_कम्पॅटिबल_नोड यांचा पहिला आर्ग्युमेंट म्हणजे कुठून शोधायला सुरुवात करायची तो नोड, आणि ही फंक्शनं त्या नोडचा रेफरन्स सोडतात. लोक तिथे सरळ डेव्ह-ऑफ_नोड देतात. म्हणजे जो रेफरन्स तुम्ही कधी घेतलाच नाही तो तुमच्या नावावर सुटला. वर ही फंक्शनं फक्त चाइल्डमध्ये शोधत नाहीत, तिथून पुढचं सगळं झाड धुंडाळतात, म्हणजे दुसऱ्याच कोणाचा नोड हाती लागू शकतो. चाइल्डच पाहिजे असेल तर ऑफ_गेट_चाइल्ड_बाय_नेम वापरा, ते पेरेंटला हात लावत नाही, मिळालेल्या चाइल्डचं पुट मात्र तुम्हालाच करायचं.

प्रश्न : बुटीबोरीला आमचं सेन्सर बोर्ड बनतं. बॅटरीवर चालतं, काम नसताना आयटूसी बसचा (सेन्सर जोडायच्या तारांचा) कंट्रोलर झोपायला पाहिजे पण काही वेळानं तो झोपणं बंद करतो. बोर्ड रिसेट केलं की पुन्हा ठीक. हेही लीकच म्हणायचं का?

उत्तर : हो, लीकच, फक्त इथे मेमरीऐवजी बॅटरी गळते आहे. रनटाइम पीएमचाही, म्हणजे चालू असताना वीज वाचवणाऱ्या व्यवस्थेचाही, एक वापराचा आकडा असतो, तो शून्य झाल्याशिवाय डिव्हाइस झोपत नाही.

पहिला संशय पीएम_रनटाइम_गेट_सिंकवर घ्या. या फंक्शनचा स्वभाव असा आहे की ते फेल झालं, निगेटिव्ह एरर परत केला, तरी आकडा वाढवून ठेवतं. आपण सगळे काय करतो, एरर आला की रिटर्न. गेट झालंच नाही असं समजून. म्हणजे एखाद्या दिवशी बसवर गडबड झाली, रिझ्यूम (डिव्हाइसला जागं करणं) एकदा फेल गेलं, की आकडा कायमचा १ वर अडकला, आणि तुमचं वर्णन अगदी त्याला जुळतंय, आधी ठीक असतं आणि काही वेळानं बिघडतं. पीएमचा ॲडव्हान्स्ड डीबग कॉन्फिग चालू करा, मग सिसएफएसमध्ये त्या डिव्हाइसच्या पॉवर फोल्डरमध्ये रनटाइम_युसेज दिसेल. कोणी वापरत नसताना तिथे ० नसेल तर चोर सापडला.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. जुन्या कर्नलवर एरर पाथमध्ये पीएम_रनटाइम_पुट_नोआयडल टाका. ५.१० पासून, म्हणजे २०२० च्या डिसेंबरपासून, पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट आहे, ते फेल झालं तर आकडा स्वतःच खाली आणतं, नवीन कोडमध्ये हेच वापरा. पण फाइंड-रिप्लेस मारू नका, माझी कळकळीची विनंती आहे. एक तर जिथे आधीच कोणी शहाण्यानं पुट_नोआयडल लिहून ठेवलंय तिथे ते राहिलं तर आता दोनदा कमी होईल. दुसरं, रिमूव्ह फंक्शनमध्ये पुष्कळदा गेट_सिंकचा रिटर्न कोणी तपासत नाही आणि शेवटी बिनशर्त पुट असतं, तिथे जुना कोड बरोबर होता, कारण फेल झालं तरी आकडा वाढलेलाच होता. तिथे नवीन फंक्शन टाकलं आणि रिटर्न तपासला नाही तर फेल झाल्यावर आकडा शून्याच्या खाली जायला निघतो, नवीन कर्नल मग डीमेसेजमध्ये युसेज काउंट अंडरफ्लो अशी तक्रार करतात. तिसरं, गेट_सिंक यशस्वी झाल्यावर डिव्हाइस आधीच जागं असेल तर १ परत करतं, म्हणून तिथली तपासणी शून्यापेक्षा कमी अशीच पाहिजे, नुसतं इफ रेट, म्हणजे शून्य नसेल तर एरर, असं लिहिलं तर चांगल्या वेळीही एरर पाथवर जाल.

प्रश्न : डिव्हाइस_रजिस्टर फेल झालं तर मी केफ्री (कर्नलमधलं फ्री) करते. केमेमलीकमध्ये १६ बाइटचे छोटे छोटे तुकडे दिसतात. माझं स्ट्रक्चर तर मोठं आहे, ते तर फ्री झालं, मग हे कोणाचे? (मानेवाड्याहून एक वाचक)

उत्तर : ते तुमच्या डिव्हाइसचं नाव आहे. त्या रिपोर्टमध्ये हेक्स डंपच्या उजव्या बाजूला अक्षरं दिसतात ती नीट वाचा, तुम्ही डेव्ह_सेट_नेमला दिलेलं नावच तिथे सापडेल, आणि खाली बॅकट्रेसमध्ये डेव्ह_सेट_नेम आणि कोबजेक्ट_सेट_नेम_व्हीआर्ग्स. नाव वेगळ्या मेमरीत ठेवलेलं असतं, तुम्ही स्ट्रक्चर केफ्री केलं की त्या नावाकडे बोट दाखवणारा एकमेव पॉइंटर गेला. बघा, इथे केमेमलीक कसं चोख कामी आलं, कारण नाव खरोखरच अनाथ झालं.

डिव्हाइस_रजिस्टर म्हणजे आत दोन पायऱ्या, डिव्हाइस_इनिशियलाइझ आणि मग डिव्हाइस_ॲड. पहिली पायरी झाली की रेफकाउंट सुरू झालेला असतो, दुसरी फेल गेली तरी. तेव्हापासून ते स्ट्रक्चर तुमच्या केफ्रीचं राहिलं नाही, त्याला पुट_डिव्हाइसनंच सोडायचं. आकडा शून्य झाला की तुमचं रिलीज कॉलबॅक चालतं, स्ट्रक्चर तिथे केफ्री करायचं, आणि नाव कर्नल स्वतः साफ करतो. आणि पुट_डिव्हाइसच्या खाली तुमचं जुनं केफ्री राहू देऊ नका, ती डबल फ्री होईल. कोबजेक्ट_इनिट_अँड_ॲडचा नियमही हाच, फेल झालं तर कोबजेक्ट_पुट.

रिलीज फंक्शन दिलंच नाही तर कर्नल वॉर्निंग देतो की हे डिव्हाइस मोडकं आहे, दुरुस्त करा. काही लोक ती वॉर्निंग गप्प करायला रिकामं रिलीज फंक्शन लिहितात. असं कधीच करू नका, वॉर्निंग गेली पण लीक तसंच राहिलं आणि आता ते दाखवणारंही कोणी नाही.

टेस्ट करताना डीबग_कोबजेक्ट_रिलीज हा कॉन्फिग चालू ठेवा, तो रिलीज मुद्दाम काही सेकंद उशिरा करतो, त्यामुळे पुट केल्यावर लगेच मेमरी गेली असं धरून लिहिलेला कोड तिथेच उघडा पडतो. आणि फेलस्लॅब या कर्नलच्या सोयीनं अलोकेशन मुद्दाम फेल करवा, त्याशिवाय हे एरर पाथ तुमच्या टेबलावर कधी चालणारच नाहीत.

प्रश्न : ड्रायव्हरचं मॉड्यूल काढायला आरएमएमॉड केलं की मॉड्यूल इज इन यूज येतं. एलएसमॉडमध्ये (लोड झालेल्या मॉड्यूलची यादी) १ दिसतो पण पुढे कोणाचं नाव नाही.

उत्तर : नाव नाही म्हणजे दुसऱ्या मॉड्यूलनं धरलेलं नाही. आधी फ्यूझरनं बघा, डिव्हाइस फाइल कोणी उघडून बसलंय का. कोणीच नसेल तर तुमच्या कोडमध्ये ट्राय_मॉड्यूल_गेट शोधा, बहुधा ओपनमध्ये असेल आणि ओपन फेल होतानाच्या वाटेवर मॉड्यूल_पुट नसेल. फाइल ऑपरेशन्समध्ये ओनर नीट दिला असेल तर ओपनच्या वेळी कर्नल स्वतःच हा रेफरन्स घेतो, तुमची दोन्ही फंक्शनं तिथून काढूनच टाका.

प्रश्न : आम्ही मिहानमध्ये विंडोजच्या ड्रायव्हरवर काम करतो. नॉनपेज्ड पूल (कायम रॅममध्ये राहणारी कर्नलची मेमरी) वाढत जातो पण पूलमॉन या टूलमध्ये आमच्या टॅगचा (मेमरी कोणी घेतली ते सांगणारी खूण) आकडा स्थिर आहे. म्हणजे आमचा ड्रायव्हर निर्दोष ना?

उत्तर : एवढ्यावरून निर्दोष म्हणता येणार नाही. तुमच्या टॅगमध्ये फक्त तुम्ही स्वतः अलोकेट केलेली मेमरी दिसते. तुम्ही ओबी-रेफरन्स-ऑब्जेक्ट-बाय-हँडलनं एखाद्या प्रोसेस किंवा फाइल ऑब्जेक्टवर रेफरन्स घेतला आणि ओबी-डीरेफरन्स-ऑब्जेक्ट राहिलं, तर ते ऑब्जेक्ट विंडोजच्या टॅगखाली साठत जातं, प्रोसेस असेल तर प्रोक, फाइल असेल तर फाइल. पूलमॉनमध्ये बी दाबून बाइटप्रमाणे लावा आणि हे टॅग वाढताहेत का ते बघा. प्रोक वाढत असेल तर समजायचं की बंद झालेल्या प्रोसेस कोणीतरी सोडत नाहीये.

आयओ-गेट-डिव्हाइस-ऑब्जेक्ट-पॉइंटर वापरत असाल तर तिथे हमखास गडबड होते. ते दोन पॉइंटर देतं, डिव्हाइस ऑब्जेक्ट आणि फाइल ऑब्जेक्ट, आणि रेफरन्स असतो फाइल ऑब्जेक्टवर. काम झालं की डीरेफरन्स फाइल ऑब्जेक्टचं करायचं. लोक हातात आलेल्या डिव्हाइस ऑब्जेक्टचं करतात, म्हणजे एकाच ओळीत एकाचं लीक आणि दुसऱ्याचा आकडा कमी.

कोणाचा रेफरन्स राहिला ते शोधायला टॅग घेणारी फंक्शनं वापरा, ओबी-रेफरन्स-ऑब्जेक्ट-विथ-टॅग आणि तिची जोडी, प्रत्येक जागेला वेगळा टॅग द्या, मग जीफ्लॅग्जनं ऑब्जेक्ट ट्रेसिंग चालू करून डीबगरमध्ये ओबीट्रेसनं बघा, कोणत्या टॅगचं घेणं जास्त आणि सोडणं कमी ते समोर येतं. ड्रायव्हर व्हेरिफायर चालू ठेवाच, पण तो तुमचा पूल अनलोडच्या वेळी मोकळा नसेल तर सी४ ची निळी स्क्रीन देतो, दुसऱ्याच्या ऑब्जेक्टवर राहिलेला रेफरन्स त्यात येईलच असं नाही.

प्रश्न : रस्ट या भाषेत ड्रायव्हर लिहिले की हे सगळं संपेल का?

उत्तर : बरंचसं. रस्टचा आधार कर्नल ६.१ मध्ये आला, २०२२ च्या डिसेंबरमध्ये, आणि तिथे रेफरन्स धरणारी व्हॅल्यू स्कोपबाहेर गेली की ड्रॉपमध्ये पुट होतं, एरर पाथ असो की सरळ रस्ता. पण दोन आर्क (रस्टचे रेफरन्स मोजणारे पॉइंटर) एकमेकांना धरून बसले तर रस्टमध्येही लीक होतं, भाषा ते अडवत नाही. आणि सीमध्ये लिहिलेले आजचे ड्रायव्हर अजून पुष्कळ वर्षं चालणार आहेत.

प्रश्न : कॉक्सिनेल हे कोड तपासायचं टूल चालवलं तर दुसऱ्यांच्या ड्रायव्हरमध्येही असे पुट राहिलेले दिसले. सगळीकडे एकेक ओळ टाकून पॅच (दुरुस्तीचा बदल) पाठवू का? पहिलाच पॅच असेल, मान्य होईल का? (व्हीएनआयटीची विद्यार्थिनी)

उत्तर : पाठव, नक्की पाठव, सुरुवात करायला ही चांगली जागा आहे. जुलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं हे टूल कर्नलच्या सोर्समध्येच तयार स्क्रिप्टसह मिळतं, लूपमधून बाहेर पडतानाच्या पुटसाठी आणि राहिलेल्या पुट_डिव्हाइससाठीही त्यात स्क्रिप्ट आहेत. पण सगळीकडे एकेक ओळ टाकायचा विचार सोड.

टूल सांगतं की या फंक्शनमध्ये गेट आहे आणि या वाटेवर पुट नाही. हा रेफरन्स पुढे कोणाला दिला हे त्याला प्रत्येक वेळी कळत नाही. गेट करून पॉइंटर प्रायव्हेट स्ट्रक्चरमध्ये ठेवला असेल आणि रिमूव्हमध्ये किंवा डेव्हएम_ॲड_ॲक्शन_ऑर_रिसेटनं नोंदवलेल्या कॉलबॅकमध्ये तो सुटत असेल, तर तुझं पुट जास्तीचं. जास्तीचं पुट म्हणजे कोणीतरी वापरत असतानाच मेमरी गेली, लीकपेक्षा कितीतरी वाईट, आणि ते दिसायला इतकं निरागस दिसतं की रिव्ह्यूमधून निसटू शकतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासायला मुद्दाम सदोष पॅच पाठवले होते, वरून छोटीशी दुरुस्ती आणि आत यूज आफ्टर फ्रीची सोय. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यावरून मोठं वादळ झालं, कर्नलचे एक मेन्टेनर, म्हणजे कोड सांभाळणारे, ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून पॅच घेणं थांबवलं आणि तिथून आलेले जुने पॅचही पुन्हा तपासावे लागले. तेव्हापासून अनोळखी माणसाच्या एका ओळीच्या पुटकडे मेन्टेनर बारकाईनं बघतात, आणि माझ्या मते बघायलाच पाहिजे.

म्हणून एक ड्रायव्हर घे, ज्याचा कोड तुला पूर्ण वाचता येईल असा. गेट कुठे झालं ते शोध, ते फंक्शन आकडा वाढवून देतं का हे त्याच्या वरच्या कॉमेंटमध्ये वाच, मग पॉइंटर कुठे कुठे गेला ते शेवटपर्यंत माग काढ, रिमूव्हपर्यंत. तोच माग पॅचच्या मजकुरात लिही, टूलनं दाखवलं एवढंच लिहू नकोस, अमुक फंक्शन रेफरन्स घेऊन देतं, अमुक वाटेवर तो सुटत नाही, आणि तो दुसरीकडे कुठे साठवलेला नाही, असं. टूलचं नाव पण लिही, ते लपवायचं नसतं. ज्या कमिटमध्ये चूक आली ती गिट ब्लेमनं (कोणती ओळ कोणत्या कमिटमध्ये आली ते दाखवतं) शोधून फिक्सेस टॅग दे, हॅशची पहिली १२ अक्षरं आणि कमिटचं शीर्षक. चेकपॅच ही तपासणीची स्क्रिप्ट चालव, गेट_मेन्टेनर स्क्रिप्ट सांगेल त्या सगळ्यांना साध्या टेक्स्टमध्ये पाठव, एचटीएमएल मेल चालत नाही. उत्तर नाही आलं तर एक-दोन आठवडे थांब, लगेच परत पाठवू नकोस. आणि ते हार्डवेअर तुझ्याकडे नसेल, फक्त कंपाइल करून बघितलं असेल, तर पॅचमध्ये तसं स्पष्ट लिही. असे पॅचही घेतले जातात, मेन्टेनरला फक्त माहीत असायला पाहिजे की चालवून बघायचं काम अजून बाकी आहे.